कुत्र्याची छत्री की अळंबी? या चुका टाळा

पाऊस चार दिवस लागून राहिला आणि मध्येच ऊन पडलं, की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत हिरवळीवर बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. मागे शेजारच्या काकूंनी त्या पिशवीत भरल्यासुद्धा होत्या. "गावाला खातो की आम्ही!" गावाला खातात ती वारुळावरची. ही गवतातली.

मी एक टोपी दांड्यापासून कापली, पापुद्र्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंचा मळकट हिरवा ठसा! म्हणजे ही विषारी क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. कोवळेपणी हिचे पापुद्रे पांढरेच असतात, तिथेच माणूस फसतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ठसा पांढरा आला तरी हुरळून जाऊ नका. अमानिटा नावाच्या जीवघेण्या अळंब्यांचा ठसाही पांढराच असतो.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, हे प्रयोग सोडा. अमानिटातलं विष चांदीला ओळखतही नाही, आणि शिजवून किंवा वाळवून ते जातही नाही. गोगलगायीने कुरतडलंय म्हणजे चांगलं, हेही खोटं. तिला पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे वरून खुडणं. अमानिटाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं, ते मातीतच राहून जातं आणि मोठी खूण हातची जाते. वारुळाच्या अळंबीचा दांडा मात्र मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. तरीही जाणत्या माणसाशिवाय टोपली भरू नका. राष्ट्रीय उद्यानात तर तोडायचंच नाही.

हात लावल्याने विष चढत नाही. पोराच्या हातून अळंबी हिसकावून किंचाळण्यापेक्षा त्याच्या तोंडात काही गेलंय का ते बघा आणि हात धुवा. खरा घोटाळा टोपलीत होतो, चांगल्यात एक वाईट मिसळली की.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची चूक. खाल्ल्यावर सहा तास उलटून गेल्यावर त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा. दिवसभराने उलट्या थांबतात, माणूस "बरं वाटतंय" म्हणतो आणि आत यकृत निकामी होत असतं. मिठाचं पाणी पाजून ओकवत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. उरलेली अळंबी प्लॅस्टिकमध्ये कुजते, म्हणून कागदी पिशवीत घ्या. भाजी उरली असेल तर तीही डब्यात घालून न्या.