मूकपटातल्या नटीवर लेख लिहायचाय?

निपाणीच्या शाळेत मी मुलींकडून हस्तलिखित अंक करून घेते. मूकपटातल्या नटीवर लेख ठरला की माझं पहिलं सांगणं असतं: सिनेमापासून नको, नाटक कंपनीपासून सुरुवात करा.

कमलाबाई गोखले घ्या. आई दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडणारी. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना बाई मिळेना, म्हणून तारामती केली अण्णा साळुंके यांनी. त्याच 1913 साली ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला. त्यात दुर्गाबाई पार्वती आणि तेराच्या आसपासची कमळा मोहिनी. ही दोन चित्रं लेखात शेजारी शेजारी ठेवा. त्या मायलेकींचं धाडस आपोआप कळतं, विशेषणं लागत नाहीत. चंद्रकांत गोखले मुलगा आणि विक्रम गोखले नातू, हे जरूर लिहा, पण खाली. ‘अमक्याची आजी’ म्हणून लेख उघडला तर बाई स्वतःच्याच चरित्रात पाहुणी होते. हे मला फार लागतं.

नावं दोन्ही टिपा. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गुलाबबाईंची कमलादेवी झाली, अनुसूयाबाईंची सुशीलादेवी. एकाच नावाने शोधलं तर अर्धं आयुष्य निसटतं.

अभिनयाबद्दल मात्र कडक राहा. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत. न पाहिलेल्या कामाला ‘अप्रतिम’ म्हणायचं नाही. ‘कालिया मर्दन’ (1919) बराचसा टिकलाय, तो मुलींना दाखवा. फाळक्यांची लेक मंदाकिनी त्यात कृष्ण झालीय, आणि सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दिसतात. पार्श्वसंगीत बंद ठेवून बघा की! डोळे, भुवया, मान नेमकं काय करतात ते वहीत उतरवा, आणि तेवढंच लिहा.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत त्या काळची मराठी वर्तमानपत्रं मिळाली तर बातम्यांआधी जाहिरातींची पानं चाळा. नटीचं नाव छापलंय का, कितव्या ओळीत, केवढ्या अक्षरात, हे पाहा. मात्र जाहिरातीतली तारीख त्या गावातल्या खेळाची असते. ती चित्रपट प्रदर्शित झाल्याची तारीख म्हणून लिहू नका.