मराठी शाळेतून बी.कॉम.ला आलात? अकाउंट्सचा अभ्यास असा करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीमार्गे (कर्नाटकातली अकरावी-बारावी) बी.कॉम.ला येतात, त्यांची अकाउंट्समधली अडचण बहुतेक वेळा आकडेमोडीची नसते. घरच्या दुकानात जी उधारी असते, तीच वर्गात डेटर्स होऊन समोर येते आणि ओळखीची वाटत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे शब्दांना द्या. वहीची शेवटची पानं राखून ठेवा: जर्नल म्हणजे किर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. व्यवहार मराठीत समजून घ्या. नोंद आणि तिच्याखालचं नॅरेशन, म्हणजे व्यवहाराचं एका ओळीतलं स्पष्टीकरण, मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच लिहा, नाहीतर परीक्षेत हात चालत नाही.

प्रत्येक व्यवहाराला आधी विचारा: खाती कोणती दोन? शहापूरच्या विणकराकडून २०,००० रुपयांच्या साड्या उधारीवर घेतल्या, तर परचेसेस (खरेदी खातं) नावे म्हणजे डेबिट आणि विणकर जमा म्हणजे क्रेडिट. इथे रोकड हललेलीच नाही, तरी सवयीने कॅश जमा केली जाते. त्याच दुकानात साड्या ठेवायला कपाट घेतलं तर ते परचेसेस नव्हे, फर्निचर. विकायला घेतलं की वापरायला, यावर खातं ठरतं.

बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आपलं कॅशबुक आणि बँकेचं पासबुक यांची शिल्लक जुळवताना, गोंधळ होतो तो पासबुकामुळे. तुम्ही पैसे भरले की तुमच्या कॅशबुकात बँक नावे पडते, पासबुकात मात्र रक्कम जमा दिसते, कारण ती बँकेची वही आहे. बँक तुमचं देणं लागते. गणित सोडवण्याआधी दिलेली शिल्लक कोणाच्या वहीतली, ते अधोरेखित करा.

तेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा लिहीत बसू नका. आधी दोन्ही बेरजा तपासा, मग फरक काढा. फरक ९ ने भागला जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी: ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० येतो. नाही सापडलं तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. फरक ६४० असेल आणि ३२० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल, तर ती अशी हाती लागते. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असंही नाही. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्याच खात्यावर टाकला तरी तेरीज बिनचूक जुळते आणि नफा फुगतो.

फायनल अकाउंट्समध्ये, म्हणजे वर्षअखेरच्या नफा-तोटा आणि ताळेबंदात, सर्वांत जास्त गुण ॲडजस्टमेंटमध्ये, म्हणजे तेरजेनंतर वेगळ्या दिलेल्या बाबींमध्ये, जातात. तेरजेबाहेर दिलेली प्रत्येक बाब दोन ठिकाणी घ्यायची, तेरजेच्या आतली एकदाच. थकलेली मजुरी बाहेर दिली असेल तर ती ट्रेडिंग अकाउंटला मजुरीत मिळवा आणि ताळेबंदात देणे म्हणूनही दाखवा. आत असेल तर फक्त ताळेबंदात. घसाऱ्यात तारीख बघा: ३१ मार्चला वर्ष संपत असेल आणि १ लाखाचं यंत्र १ ऑक्टोबरला घेतलं असेल, तर वार्षिक १० टक्क्यांनी पहिल्या वर्षी ५,००० रुपयेच.

जीएसटी तर आपल्या सीमेवरच शिकता येतो. निपाणीच्या व्यापाऱ्याने १८ टक्के दराचा १०,००० रुपयांचा माल चिक्कोडीला पाठवला तर ९०० सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९०० एसजीएसटी (राज्याचा), कारण दोन्ही गावं कर्नाटकात. तोच माल महाराष्ट्रातल्या जवळच्या कागलला पाठवला की राज्य बदलतं, म्हणून १,८०० आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा). अंतराचा इथे काही संबंध नाही. खरेदीवर भरलेल्या सीजीएसटीचं क्रेडिट (वजावट) एसजीएसटी भरायला वापरता येत नाही, हेही पक्कं ठेवा.

कोल्हापुरात मिळणारी मराठी पुस्तकं संकल्पना समजायला जरूर घ्या. पण ती शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला धरून असतात. आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवूनच त्यातली प्रकरणं निवडा. जुन्या प्रश्नपत्रिका जमवतानाही वर्ष बघा. कर्नाटकात २०२१-२२ मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा बदलला. त्याआधीची गणितं सरावाला चांगली आहेत, गुणांची विभागणी मात्र चालू वर्षाच्या अभ्यासक्रमातूनच घ्या.