सिलिंडर बंद करणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट कसा निवडावा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळ माझं एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर सोडणारे पाइप आणि मफलर) बनवायचं काम चालतं. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर क्लिप दाखवतं आणि म्हणतं, "दादा, असाच आवाज पाहिजे." क्लिपमध्ये गाडी उभी आणि कुणीतरी रेस देतोय. त्यावरून एक्झॉस्ट निवडू नका. माझा पहिला प्रश्न असतो: तुमची गाडी इंधन वाचवायला चालता चालता निम्मे सिलिंडर आपोआप बंद करते का?

फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लसचं 1.5 टीएसआय पेट्रोल इंजिन करतं. पाय हलका असला की 2 आणि 3 नंबरचे सिलिंडर बंद, फक्त 1 आणि 4 चालू. ऑडी आरएस7 चं आणि कॉर्व्हेट सी7 चं व्ही8 इंजिन 8 वरून 4 वर येतं. मस्टँग जीटीत ही भानगडच नाही, म्हणून मस्टँगवाल्या मित्राचा अनुभव व्हर्टसला लावू नका.

बंद सिलिंडरचे वॉल्व्ह मिटलेले राहतात, म्हणजे त्यांच्याकडून पाइपात धुराचा ठोका येतच नाही. गणित साधं आहे. चार सिलिंडर, 2000 आरपीएम, तर सेकंदाला साधारण 67 ठोके. दोनच चालू असतील तर 33. आवाज एकदम खालच्या पट्टीत उतरतो आणि केबिनमध्ये घुमतो. कानाला दडे बसतात, बोलणं नको होतं. व्ही8 चं 1500 आरपीएमला 100 चे 50 होतात.

हा घुमारा मारायला बरेच जण जे-पाइप मागतात, म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली एका टोकाला बंद नळी. तिची लांबी लहरीच्या पाव भाग लागते. गरम धुरात ध्वनीचा वेग 480 मीटर प्रति सेकंद धरला, तर 67 ठोक्यांसाठी 1.8 मीटर नळी पुरते आणि 33 साठी तब्बल 3.6 मीटर. व्हर्टसखाली एवढी नळी फिरवायला जागाच नाही. स्पेअर व्हीलची विहीर, मागचा ॲक्सल, टाकी, सगळं आडवं येतं. म्हणून अशा गाडीला मी मोठ्या पोटाचा मागचा मफलर ठेवतो, त्यात बंद कप्पा असलेला निवडतो, आणि मधल्या रेझोनेटरला (पाइपातला घुमारा कमी करणारा डबा) हात लावत नाही. "रेझोनेटर डिलीट", म्हणजे तो डबा काढून टाकणं, हा आवाज वाढवायचा स्वस्तातला उपाय आहे खरा, पण याच गाड्यांना तो सगळ्यात जास्त नडतो.

निवडण्याआधी एक चाचणी कराच. सकाळी लवकर अटल सेतूवर जा, 21.8 किलोमीटरचा रस्ता आहे, कारला मर्यादा 100 ची आहे, तेवढीच ठेवा. वरच्या गिअरमध्ये पाय हलका ठेवला की इंजिन अर्ध्यावर येतं. शेजारी बसलेल्याच्या हातात फोन द्या, फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप चालू करा (स्वतः हातात धरू नका, उगाच कशाला). फोनचा माइक एवढा खालचा आवाज नीट पकडत नाही, पण आलेखात उंचवटा कुठे आहे ते दिसतं. मग ॲक्सिलरेटर जरासा दाबा. घुमणं तिथल्या तिथे थांबलं, तर दोष अर्ध्या सिलिंडरचा. थांबलं नाही, तर आधी रबर हँगर (पाइप टांगणारे रबर) आणि हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) तपासा. ज्याच्याकडून एक्झॉस्ट घेताय, त्याच्या बसवलेल्या गाडीतही हेच करून पाहा. उभ्या गाडीत रेस देऊन ऐकलेलं काही कामाचं नाही.

पाइपातच आवाज कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असलेला एक्झॉस्ट घेत असाल तर विचारा, अर्ध्या मोडमध्ये वॉल्व्ह आपोआप मिटतो का? रिमोटचं बटण असलेले बरेच स्वस्त वॉल्व्ह ईसीयूशी (इंजिनाच्या कॉम्प्युटरशी) बोलतच नाहीत. मग हायवेवर बटण दाबायचं काम तुमचं.

व्ही8 ऑडीत आणखी एक गंमत. छतातले माइक घुमारा ऐकतात आणि स्पीकरमधून उलटा आवाज सोडून तो दाबतात. हे सगळं कंपनीच्या एक्झॉस्टवर जुळवलेलं. मोठ्या आवाजाचा पाइप लावला की ते गोंधळू शकतं, आणि लोक मात्र मफलरवर खापर फोडतात.

सिलिंडर बंद होणंच थांबवता येतं का? अमेरिकेतल्या जीएम गाड्यांसाठी ओबीडी पोर्टात (गाडीचे दोष तपासायच्या सॉकेटात) लावायचं यंत्र मिळतं. व्हर्टसला रीमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करून घेता येईल, पण वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. मी एक्झॉस्टवरच भागवायला सांगतो.

कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर) काढू नका; पीयूसी आणि चेक इंजिनचा दिवा दोन्ही अंगाशी येतात. शिवाय आवाजासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आहे: पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. कोस्टल रोडवर रात्री गर्जना करायची हौस असेल तर माझ्याकडे येऊ नका. जुना मफलर मात्र भंगारात देऊ नका, प्लास्टिकात गुंडाळून घरी ठेवा. गाडी विकताना किंवा वॉरंटीचं काम काढताना तोच लागतो.