वॉर्डातली हातांची स्वच्छता: आधी मोजा, मग शिकवा

प्रशिक्षणाची घाई नको. आधी वॉर्डात वीस-वीस मिनिटं उभं राहून नोंदी करा: हात स्वच्छ करायची वेळ किती वेळा आली आणि प्रत्यक्षात किती वेळा केले. जागतिक आरोग्य संघटना एका वॉर्डासाठी अशा २०० संधी नोंदवायला सांगते. निरीक्षक दिसला की सगळेच हात चोळतात. म्हणून वेळा बदला, रात्रपाळीही धरा.

शिकवताना भाषण कमी. सॅनिटायझरमध्ये चमकणारा रंग मिसळून हात चोळायला द्या आणि अतिनील दिव्याखाली धरा. अंगठा, बोटांची टोकं कोरी राहिलेली ज्याची त्यालाच दिसतात. तळहात भरून सॅनिटायझर, २० ते ३० सेकंद. साबण-पाण्याने ४० ते ६०. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जिवाणूमुळे जुलाब होत असतील तर साबणच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

बऱ्याचदा चुकतं ते ग्लोव्हजपाशी. तेच ग्लोव्हज घालून सलाइन, मग शेजारच्या खाटेचा कठडा! ग्लोव्हज काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच. बाटली खाटेपाशी हाताशी हवी. दाराजवळ ठेवलीत तर कुणी जात नाही.

महिन्याने त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. आकडे डॉक्टर, परिचारिका, मावशी-मामा असे वेगळे मांडा, नावं मात्र लावू नका.