दुखापतींतून परतलेल्या तरुण ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूची पारख कशी करावी

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, म्हणजेच एएफएलच्या (हा खेळ सॉकर नव्हे; यात चेंडू हातानेही खेळतात आणि टकरी होतात), वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सेंट किल्डा संघाने पहिल्या क्रमांकावर पॅडी मॅकार्टिनची आणि मेलबर्न संघाने दुसऱ्या क्रमांकावर क्रिश्चियन पेट्राकाची निवड केली. पेट्राकाच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, २०१५ च्या फेब्रुवारीत सरावादरम्यान तुटला आणि एकही सामना न खेळता त्याचे पहिले वर्ष संपले. मॅकार्टिन त्याच वर्षी मैदानात उतरला. परंतु पुढच्या हंगामांत त्याच्या डोक्याला वारंवार मार बसत गेला आणि २०१९ च्या अखेरीस सेंट किल्डाशी त्याचा संबंध संपला. २०२२ मध्ये तो सिडनी स्वान्सकडून बचावपटू म्हणून परतला, त्या वर्षीचा अंतिम सामनाही खेळला, पण २०२३ मध्ये डोक्याला पुन्हा मार बसला आणि २०२४ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. पेट्राका मात्र २०२१ च्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरून नॉर्म स्मिथ पदकाचा मानकरी झाला.

२०१५ च्या हंगामाअखेर या दोघांची तुलना केवळ खेळलेल्या सामन्यांवरून करणाऱ्याचा निष्कर्ष साफ चुकला असता. दुखापतीमुळे मागे पडलेल्या मुलाकडे पाहताना प्रशिक्षक, निवडकर्ते आणि पालक नेमकी हीच चूक करतात: तो किती काळ बाहेर होता हे मोजतात, आणि तो कशामुळे बाहेर होता व परतल्यावर सलग किती आठवडे पूर्ण सराव करू शकला, हे विचारतच नाहीत. पुढील पद्धत या दोन प्रश्नांभोवती उभी आहे. ती १६ ते २२ या वयोगटातील खेळाडूंसाठी आहे. मूल खेळण्यास तंदुरुस्त आहे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा असतो आणि त्यात पारख करणाऱ्याने हस्तक्षेप करू नये.

पहिले काम कागदावरचे आहे. खेळाडूच्या आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीने प्रत्येक दुखापतीची नोंद स्वतंत्र ओळीत घ्यावी: तारीख, शरीराचा भाग, डावी की उजवी बाजू, इजा टकरीत झाली की कोणाचाही स्पर्श न होता, त्या वेळी मुलाचे वय व उंची किती होती, आधीच्या महिन्यात तो किती संघांसाठी सराव करत होता, पहिला पूर्ण सराव कधी झाला आणि पहिला सामना कधी. यातला संघांच्या संख्येचा रकाना बहुतेक लोक विसरतात. सतरा वर्षांचा गुणी मुलगा एकाच हंगामात शाळेसाठी, स्थानिक क्लबसाठी, १८ वर्षांखालील टॅलेंट लीगमधील विभागीय संघासाठी आणि राज्याच्या संघासाठी खेळत असतो. प्रत्येक प्रशिक्षकाला आपला सराव बेताचाच वाटतो, कारण चारही ठिकाणच्या भाराची बेरीज कोणीच केलेली नसते. अशा मुलाच्या मांडीचा स्नायू तीनदा ताणला गेला असेल, तर दोष त्याच्या शरीरापेक्षा वेळापत्रकाचा असण्याचा संभव अधिक.

नोंदी पूर्ण झाल्या की त्यांत साखळी दिसते का ते पाहावे. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन टकरींतील इजा हा योगायोग असू शकतो, आणि त्यावरून मुलाला 'ठिसूळ' ठरवणे अन्यायाचे आहे. मॅट रॉवेल २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गोल्ड कोस्टकडे गेला. २०२० मध्ये पाचव्याच सामन्यात त्याचा खांदा निखळला आणि २०२१ च्या पहिल्याच फेरीत गुडघा दुखावला. दोन वर्षांत दोन मोठ्या इजा, तरीही दोहोंत समान कारण नव्हते, आणि चेंडूसाठी गर्दीत घुसून झुंजण्याची त्याची ताकद त्यांतील एकीनेही हिरावली नाही. २०२५ मध्ये त्याने लीगमधील सर्वोत्तम खेळाडूसाठी असलेले ब्राउनलो पदक जिंकले. याउलट घोटा मुरगळल्यानंतर त्याच पायाची पोटरी, मग त्याच पायाची मांडी, मग जांघ असा क्रम दिसला, तर शरीर एका जुन्या कमतरतेची भरपाई करत आहे असे समजावे. ती कमतरता सापडेपर्यंत त्या मुलाविषयी बरे-वाईट कोणतेही मत बनवू नये.

यापुढे दुखापतीच्या प्रकारानुसार विचार करावा लागतो. एसीएलच्या बाबतीत सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे शस्त्रक्रियेनंतर मुलगा किती महिन्यांनी सामन्यात उतरला. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळते, आणि विशीच्या आतील खेळाडूंना तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका प्रौढांपेक्षा बराच अधिक असतो. 'दुसरा गुडघा' हे शब्द येथे जपून वाचावेत. सिडनी स्वान्सचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ चा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघात होता; त्यानंतर एका गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्यामुळे तो थेट २०१८ च्या ऑगस्टमध्ये परतला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याच्या विरुद्ध बाजूच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. म्हणून केवळ दुखावलेल्या पायाचे नव्हे, तर दोन्ही पायांचे बळ मोजलेले असावे. एका पायावरील उडी आणि मांडीच्या स्नायूंचे बळ या चाचण्यांत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावा असा सर्वसाधारण निकष आहे; परंतु महिनोन्महिने विश्रांतीत चांगला पायही कमकुवत होतो, त्यामुळे इजेपूर्वीचे आकडे उपलब्ध असतील तर तुलना त्यांच्याशीच करावी. नवा अस्थिबंध कोठून घेतला हेही विचारावे. तो मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, स्नायुबंधातून घेतला असेल, तर गुडघा पूर्ण वाकवतानाचे बळ दीर्घकाळ कमी राहू शकते, आणि धावता धावता वाकून जमिनीवरचा चेंडू उचलावा लागणाऱ्या या खेळात ते जाणवते.

हॅमस्ट्रिंगची इजा एएफएलमध्ये सर्वाधिक आढळते. तिचे एकदा होणे फारसे काही सांगत नाही. पहिल्या इजेनंतर थोड्याच आठवड्यांत तीच पुन्हा होणे बहुधा घाईच्या पुनरागमनाकडे बोट दाखवते. ज्या मुलाचे सारे मोल त्याच्या वेगात आहे, त्याच्या बाबतीत मात्र हीच इजा गंभीर मानावी, कारण पूर्ण वेगाने धावण्याची भीती मनात बसली की त्याचा मुख्य गुणच झाकला जातो.

हाडावरील ताणाच्या इजा, म्हणजे कंबरेच्या मणक्याला किंवा पावलातील नॅव्हिक्युलर हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा, मला अधिक काळजीच्या वाटतात. वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या अशाच दुखण्यामुळे मराठी क्रिकेटरसिकांना त्या अपरिचित नाहीत. नॅव्हिक्युलरच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने ती चीर सावकाश भरते आणि उलटूही शकते. येथे उंचीची नोंद कामी येते: वर्षभरात झपाट्याने उंच झालेल्या मुलाची पाठ, गुडघ्याखालचा स्नायुबंध आणि जांघ यांच्या तक्रारी वाढ थांबल्यावर पुष्कळदा मागे पडतात, तर वाढ पूर्ण झालेल्या विशीतील खेळाडूला तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

डोक्याच्या इजेविषयी गणित मांडू नये. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार १९ वर्षांखालील खेळाडूंनी लक्षणांविना १४ दिवस गेल्याशिवाय टक्कर असलेला सराव करू नये आणि इजेपासून २१ दिवस होईपर्यंत स्पर्धात्मक सामना खेळू नये. कमी जोराच्या धक्क्यानेही लक्षणे येऊ लागली असतील, किंवा प्रत्येक वेळी बरे होण्यास अधिक दिवस लागत असतील, तर मुलगा कितीही गुणी असला तरी क्षमतेचा प्रश्न बाजूला ठेवून तज्ज्ञ डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे.

आता मैदानाकडे वळू. परतल्यानंतरचे पहिले पाच-सहा सामने पाहावेत, पण गुण देण्यासाठी नव्हे. त्या काळात मुलाला बहुधा ठरावीक मिनिटेच खेळवले जाते, त्याचा दम कमी असतो आणि चेंडू कोठे येणार याचा अंदाज अर्धा क्षण उशिरा लागतो. हा अंदाज केवळ सामन्यांतूनच परत येतो, कोणत्याही व्यायामशाळेत तो मिळत नाही. माझ्या पाहण्यातील एक विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणारा मुलगा एसीएलनंतरच्या चौथ्या सामन्यात इतका मंद वाटला की मी त्याच्या नावापुढे नकार लिहिला; तीन महिन्यांनी तोच मुलगा शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, सर्वांच्या पुढे धावत होता, आणि माझ्या घाईमुळे त्याला एक संधी उशिरा मिळाली याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून सलग दहा-बारा आठवडे पूर्ण सराव झाल्याशिवाय मी मत लिहीत नाही. हा आकडा शास्त्राचा नाही, अनुभवाचा आहे.

या पहिल्या सामन्यांत हालचालींचे बारकावे टिपावेत. उंच उडी घेऊन चेंडू झेलताना, म्हणजे मार्क घेताना, मुलगा दोन्ही पायांवर उतरतो की दुखावलेला पाय वाचवतो? डाव्या आणि उजव्या बाजूला सारख्याच वेगाने वळतो का? जमिनीवरच्या चेंडूसाठी आधी वाकतो की प्रतिस्पर्धी वाकण्याची वाट पाहतो? लाथ मारताना ज्या पायावर शरीर पेलायचे तो पाय ठाम रोवला जातो का? तिसऱ्या क्वार्टरनंतर, पाय थकल्यावर, हे सारे बदलते का? एएफएलचा क्वार्टर २० मिनिटांचा असला तरी थांबलेला वेळ धरून तो अर्ध्या तासाच्या आसपास जातो आणि मधल्या फळीतील खेळाडू सामन्यात १२ किलोमीटरहून अधिक धावू शकतो, म्हणून दुखापतीचे खरे अवशेष उत्तरार्धातच दिसतात. पहिला क्वार्टर पाहून निघून जाणाऱ्याने मत देऊ नये.

जीपीएस जॅकेटमधून मिळणारे आकडे किंवा २० मीटर धाव, उभी उडी आणि २ किलोमीटर धाव या ड्राफ्टपूर्व चाचण्यांचे निकाल हाती असतील, तर त्यांची तुलना इतर मुलांशी करण्याआधी त्याच मुलाच्या जुन्या निकालांशी करावी. दम हंगामागणिक परत येतो. सर्वोच्च वेग पूर्ण परत आला नसेल, तर त्या वेगावाचून त्याच्या खेळात काय उरते हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. चेंडूची जाण, दोन्ही पायांनी अचूक लाथ आणि गर्दीतही शांत राहणे हे गुण इजेने सहसा जात नाहीत. जीलाँगचा डॅनियल मेन्झेल २०११ च्या बाद फेरीत जखमी झाला, गुडघ्यांवर चार शस्त्रक्रिया होऊन तो २०१५ मध्ये परतला आणि पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले, कारण त्याचा मुख्य गुण गोलचा वेध हा होता.

वयाचा हिशोब दोनदा करावा: एक जन्मतारखेचा, दुसरा खेळाचा. दोन हंगाम गमावलेल्या २१ वर्षांच्या खेळाडूचे शरीर एकविशीचे असते, पण सामन्यांचा अनुभव एकोणिसाव्या वर्षीचा. त्याच्या निर्णयक्षमतेला एकोणिसाव्या वर्षाची फूटपट्टी लावावी, आणि शारीरिक ताकदीला सवलत देऊ नये. उंच खेळाडूंना, विशेषतः रकमन (खेळ सुरू करताना उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारे) आणि मुख्य फॉरवर्ड (गोलसमोरचे प्रमुख आक्रमक) यांना, मुळातच परिपक्व होण्यास अधिक वर्षे लागतात, म्हणून त्यांच्याबाबत आणखी थांबावे. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण दोन मीटर उंचीच्या फॉरवर्डला लागू पडत नाही. मॅक्स किंगचा एसीएल २०१८ मध्ये शालेय फुटबॉल खेळताना तुटला, तरी सेंट किल्डाने त्याच वर्षी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, २०१९ मध्ये मुख्य संघात खेळवण्याची घाई केली नाही आणि २०२० मध्ये त्याने पदार्पण केले.

मुलाशी बोलताना दुखापतीविषयी कमी आणि दुखापतीच्या काळाविषयी अधिक विचारावे. बाहेर असताना तो संघाच्या बैठकांना जात होता का, दुसऱ्या पायाने लाथ मारण्याचा सराव त्याने केला का, पुनर्वसनाचे कंटाळवाणे व्यायाम त्याने स्वतःहून केले की फिजिओला मागे लागावे लागले, आणि दुखत असताना तो सांगतो की लपवतो? शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. दुखणे लपवणाऱ्या मुलाला धाडसी म्हणण्याची मैदानावर रीत आहे, आणि तीच त्याला पुन्हा रुग्णालयात पोहोचवते. पालकांनाही हा प्रश्न वेगळा विचारावा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर घरातील वातावरण समजते.

अहवालात शेवटी एकच अंक लिहू नये. शरीराने साथ दिल्यास तो कोणत्या भूमिकेत कोणत्या पातळीपर्यंत जाईल हे एका परिच्छेदात लिहावे, आणि शरीर किती साथ देईल याविषयीचा अंदाज त्याच्या कारणांसह दुसऱ्या परिच्छेदात लिहावा. दोन्ही एकत्र केले की चांगला पण दुखावलेला खेळाडू आणि तंदुरुस्त पण सामान्य खेळाडू कागदावर सारखेच दिसू लागतात. खाली पुढील पाहणीच्या तारखा टाकाव्यात: सलग सरावाचा बारावा आठवडा, त्या हंगामाचा शेवट, आणि त्यानंतरच्या प्री-सीझन सरावाचा फेब्रुवारी महिना, जेव्हा मुलगा ऑस्ट्रेलियातील उन्हाळाभर (डिसेंबर ते फेब्रुवारी) विनाखंड तयारी करून आलेला असेल.