नागपूर–गणपतीपुळे: घाटाचा दिवस

ग्रुपने महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठून पुढे बस ठरवली असेल, तर खरी कसोटी आंबा घाटात लागते. भरल्या पोटी वळणं सोसत नाहीत. कोल्हापुरात तांबडा-पांढऱ्याचा मोह आवरा, दहीभात पुरे, रस्सा परतताना. उलटीची गोळी मलकापूरला (बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीतलं) घ्या, म्हणजे घाटाआधी लागू पडते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. त्रास होणाऱ्यांना पुढे बसवा, मागच्या चाकावर नको, आणि मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका.

नागपुरात तासाभरात वाळणारा टॉवेल गणपतीपुळ्याला रात्रभर ओलाच राहतो. माणशी दोन पातळ दुपट्टे ठेवा. पोचल्या पोचल्या समुद्रात धावायचं नाही. भरती-ओहोटीची वेळ लॉजवाल्याला विचारा, उतरलात तरी गुडघाभर पाण्यातच.