समलिंगी आणि पारलिंगी माणसांची बातमी कशी लिहावी : जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवरून

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी डेस्कवर काम करते. तालुक्यांच्या कॉप्या, म्हणजे वार्ताहरांनी लिहून पाठवलेल्या बातम्या, संध्याकाळी यायला लागतात. त्यात समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसाची बातमी असली की ती मी सगळ्यात आधी उघडते, कारण तिच्यासाठी दोन-चार फोन करावे लागतात आणि पान छपाईला सोडायच्या वेळी फोन होत नाहीत. नव्या वार्ताहरांना मी जे तोंडी सांगत असते, ते इथे लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. मुंबईच्या पानावर ‘एक तरुण’ हजारांत हरवून जातो. आपल्या पानावर ‘अमुक वाडीचा, पतसंस्थेत नोकरीला, वय २६’ एवढं छापलं की नाव बदलून काहीही उपयोग होत नाही. दुपारपर्यंत कात्रण गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतं. म्हणून गाव, वय, नोकरी, कॉलेज, आडनाव यांतलं काय काय एकत्र येतंय ते कॉपी पाठवण्याआधी बघा. गाव न छापता तालुका चालतो, पतसंस्थेऐवजी ‘खासगी नोकरी’ चालते. बातमीचं त्यात काही बिघडत नाही.

‘त्याची परवानगी आहे’ असं वार्ताहर सांगतात तेव्हा मी विचारते, कशाची? बोलायची परवानगी वेगळी, नाव छापायची वेगळी, फोटोची वेगळी. एकेक तपशील सुटा विचारा. घरी माहीत आहे का? घरमालकाला? कामाच्या ठिकाणी? ई-पेपर पाच वर्षांनीही सापडतो, हे त्या माणसाला स्पष्ट सांगा. आणि बातमीत दुसरा माणूस असेल तर त्यालाही विचारा. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे, मराठीतले कवी, अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण झालं आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवड्याच्या आत ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, सिनेमाही आला. त्या चित्रणात त्यांच्यासोबत एक रिक्षाचालकही होता. त्याचं काय झालं, याची चौकशी फार थोड्यांनी केली. आपल्या बातमीत असा दुसरा माणूस जवळजवळ नेहमी असतो.

छुपं चित्रण आपल्याकडे आलं तर ते वापरायचंच नाही, कितीही ‘एक्सक्लुझिव्ह’ असो. २०११ मध्ये हैदराबादच्या टीव्ही-९ वाहिनीने शहरातल्या समलिंगी पुरुषांवर असा कार्यक्रम दाखवला होता. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने एक लाख रुपये दंड केला आणि पडद्यावर माफी मागायला लावली.

आता गुन्ह्यांच्या बातम्या. सर्वात जास्त नुकसान इथे होतं, कारण पोलिसांच्या प्रेस नोटमधली भाषा तशीच्या तशी पानावर उतरते. एक प्रकार वारंवार येतो. डेटिंग अॅपवर ओळख वाढवून एखाद्या पुरुषाला निर्जन ठिकाणी बोलावतात, मारहाण करतात, व्हिडिओ काढतात आणि ‘घरी दाखवू’ म्हणून पैसे उकळतात. कॉपी येते ती ‘समलिंगी संबंधांतून तरुणाला लुटले’ अशा मथळ्याची. यात गुन्हा कोणता? खंडणी, मारहाण, लूट. मथळा तोच हवा : ‘अॅपवरून बोलावून लुटणारी टोळी अटकेत’. तक्रार द्यायला आलेल्या माणसाने फार धाडस केलेलं असतं. त्याची ओळख फुटली तर पुढचे दहाजण पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाहीत, आणि टोळीला तेच हवं असतं. खुनाच्या बातमीतही हाच नियम. आरोपी समलिंगी आहे हे तपासात कारण म्हणून सिद्ध झालेलं नसेल, तर ते मथळ्यात कशाला? लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीत ‘समलिंगी’ हा शब्द घालू नका. तो पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा गुन्हा आहे, तेवढंच लिहा.

‘दोन मैत्रिणींचे पलायन’ ही कॉपी आली की आधी दोघींचं वय विचारा. दोघी सज्ञान असतील तर त्या पळालेल्या नाहीत, घर सोडून गेल्या आहेत. फोटो, नावं, सापडल्या ते शहर, काहीच छापू नका. त्यांना शोधणारे लोकही आपलंच वर्तमानपत्र वाचतात.

कायदा तपासून लिहा. अजूनही ‘कलम ३७७ नुसार गुन्हा’ असं वाक्य कॉपीत येतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध जुन्या भारतीय दंड संहितेतल्या त्या कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण देवळात हार घातलेल्या जोडप्याला ‘बेकायदा विवाह’ म्हणू नका. त्या विवाहाची कायद्यात नोंद होत नाही, एवढंच. तो गुन्हा नाही आणि त्यांचं एकत्र राहणंही गुन्हा नाही.

हिजडा समाजातली व्यक्ती, यल्लम्मा देवीला वाहिलेला जोगता आणि शहरात नोकरी करणारी पारलिंगी मुलगी यांना एकाच शब्दात कोंबू नका. ती व्यक्ती स्वतःला काय म्हणते ते विचारा आणि तेच लिहा. जुनं नाव कंसात देण्याची सवय मी प्रत्येक कॉपीत खोडते. शस्त्रक्रिया झाली का, हा प्रश्नही नको, तुम्ही आरोग्य पुरवणीसाठी त्यांच्याच इच्छेने मुलाखत घेत नसाल तर.

आणि मुलाखत त्यांच्या कामाबद्दल घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. निकालाच्या दिवशी ती मोठी बातमी होतीच, ती पहिल्या पानावर हवीच. पण सहा महिन्यांनी त्या गावात जाणाऱ्या वार्ताहराने पाणी, रस्ते आणि ग्रामसभा याबद्दल विचारायला हवं, जसं शेजारच्या गावच्या सरपंचाला विचारतो. मला अशा कॉप्या फार कमी मिळतात, आणि मिळाली की मी ती कापत नाही.

‘दोन्ही बाजू’ म्हणून समलिंगी असणं बरं करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरची प्रतिक्रिया जोडली जाते. असे ‘उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. ती प्रतिक्रिया घ्यायची असेल तर हे वाक्य तिच्या लगेच खाली यायला हवं. मी तर ती घेतच नाही.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. ‘समलिंगी असल्याने आत्महत्या’ असं एका कारणाचं वाक्यही नको. खाली चौकटीत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक टाका, तो चोवीस तास चालतो.

फोटोबद्दल एकच, पण पक्कं. प्राइड मिरवणुकीचा फाइल फोटो गुन्ह्याच्या बातमीला लावायचा नाही. त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांचा त्या खुनाशी काही संबंध नसतो, आणि वाचक तो जोडतोच. चेहरा धूसर केलात तरी गाडीचा नंबर, दाराचा रंग, गळ्यातलं आयकार्ड बघा.

शेवटी वेबसाइट. मजकुरातलं नाव काढलं तरी बातमीच्या लिंकमध्ये ते राहतं, फोटोच्या फाइलच्या नावात राहतं, व्हॉट्सअॅपवर लिंकसोबत दिसणाऱ्या चित्रात राहतं. तिन्ही ठिकाणी वेब डेस्ककडून बदलून घ्या आणि बातमी चढवतानाच प्रतिक्रिया बंद ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करा. काही काढायचं असेल तर कुणाशी बोलायचं, ते नाव आणि नंबर आदल्या दिवशीच देऊन ठेवलेला असावा.